महादेवाच्या पहाडावरचे रोडगे

आमच्या घरात रविवार उजाडायचा तो भांडणानंच. पांढुर्ण्यात आमच्या गल्लीतली बाकीची पोरं रविवारी ऊन अंगावर येईस्तोवर लोळत पडायची, आणि आमच्याकडे अंधार असतानाच बाबा ओट्यावर बसून कॅनव्हासचे बूट चढवत असत. बूट चढवून झाले की ते आत येऊन सुध्याच्या अंगावरची गोधडी ओढत, आणि तिकडे आईची भांडी वाजायला लागत. आई तोंडानं कमी आणि भांड्यांनी जास्त बोलायची. गंज आपटला म्हणजे "तुम्हाले काही समजते का", परात आपटली म्हणजे "पोराचा जीव घ्यान एक दिवस". ज्या रविवारी काहीच आपटत नसे, त्या रविवारी बाबाही जरा दबकून वागत.

भांडण सुध्यावरून असे. सुध्या माझा धाकटा भाऊ, माझ्याहून बराच लहान. रांगायच्या वयात त्याला ताप आला आणि ताप उतरला तेव्हा त्याचा डावा पाय मऊ पडलेला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी मालीश सांगितली, व्यायाम सांगितला, आणि "बघू" म्हणाले. या "बघू"चा अर्थ आईनं एक लावला आणि बाबांनी दुसरा. आईनं सुध्याला कडेवर घेतलं ते खाली ठेवलंच नाही. तो पाच वर्षांचा घोडा झाला तरी आई त्याला कडेवर घेऊन बाजारात जायची, नळावर जायची, आणि कोणी हसलं तर त्या बाईशी महिनाभर बोलायची नाही. बाबांनी मात्र ठरवलं की पोराला चालवायचं, आणि चालवायचं तर सपाटीवर नाही, चढावर.

बाबा स्टेशनवर पार्सल ऑफिसात होते. हंगामात संत्र्यांच्या पेट्या बुक करून करून त्यांच्या सदऱ्याला, हातांना, अगदी झोपेच्या उशीलाही संत्र्याच्या सालीचा वास यायचा. दिवसभर खुर्चीत बसणारा हा माणूस रविवारी वेगळाच व्हायचा. पिशवीत भाकरी, ठेचा, पेटीत दबून गेलेली चार संत्री, पाण्याची बाटली, आणि आम्ही दोघं. सायकलच्या दांड्यावर सुध्या, मागे मी. गाव संपलं की काळ्या दगडाचे पहाड सुरू व्हायचे. तिथं सायकल कोणाच्या तरी मळ्यात टेकवायची आणि चढायला लागायचं. आज माझी नात तिच्या नवऱ्याला आणि पिल्लांना घेऊन याच पहाडांवर जाते, त्याला ते "ट्रेक" म्हणतात, त्यांच्या पाठीवर नळीनं पाणी प्यायच्या थैल्या असतात आणि जाण्याआधी आठवडाभर फोनवर तयारी चालते. जाऊ द्या बापडे. आम्ही ज्याला "बाबांचा छळ" म्हणत होतो, त्याला इतकं चांगलं नाव असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

आमचे पहाड एकदम उंच नाहीत, पण मेहनत घेतात. ते पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. एक कडा, मग सपाटी, मग पुन्हा कडा. बाबा सांगत, "हे सगळं पातळ होतं, सुध्या. भात उतू जाते न, तसं जमिनीतून उतू आलं. एक थर आला, थंडा झाला. मंग त्याच्यावर दुसरा आला. म्हणून ह्या पायऱ्या." सुध्याला हे भारी आवडायचं आणि त्याची भीतीही वाटायची. प्रत्येक नव्या दगडावर हात ठेवून तो आधी बघायचा, गरम तर नाही ना. उन्हानं तापलेला दगड लागला की हात झटकायचा आणि विचारायचा, "बाबा, अजून एक थर येते का?" बाबा म्हणत, "तू वरपर्यंत चालत गेला तं नाही येत." काळा दगड फुटला की कधी कधी आत पांढऱ्या सुयांसारखे चमकणारे खडे निघत. ते मी फ्रॉकच्या खिशात भरायची आणि घरी आल्यावर आई ते गुपचूप अंगणात फेकून द्यायची.

सुध्याला चालायला शिकवायची बाबांची एक रीत होती. घाई नाही, हात धरणं नाही. दगडापाशी थांबायचं. "आधी पाह्य. मंग पाय. मंग भार." सुध्या दगडाकडे बघायचा, उजवा पाय टाकायचा, डावा ओढून त्याच्या शेजारी आणायचा, कशाला तरी धरून उभा राहायचा, आणि मग पुढच्या दगडाकडे बघायचा. एका दगडावर दोन्ही पाय, आणि मगच पुढचा दगड. मला तर तेवढ्यात चारदा वर जाऊन खाली येता आलं असतं. मी वैतागून पुढं पळायची आणि बाबा ओरडायचे, "कुंदे, थांब! त्याच्या चालीनं चाल." ती चाल माझ्या डोक्यात गेली होती. एक सबंध हिवाळा आम्ही असे चाललो, आणि मला कबूल केलंच पाहिजे की हिवाळा संपता संपता सुध्या सपाटीवर आधाराशिवाय उभा राहायला लागला होता.

हे आईनं पाहिलं आणि तिनं त्याचं श्रेय बाबांना मुळीच दिलं नाही. तिनं जामसांवळीच्या मारुतीला शनिवार धरले होते, आणि लोधीखेड्याला तिच्या माहेरी जाताना वाटेत जो महादेवाचा पहाड लागतो, त्या महादेवाला नवस बोलली होती. पोरगा पायावर उभा राहिला तर तो स्वतःच्या पायानं पहाड चढून येईल, वाटेत कोणी त्याला उचलणार नाही, आणि देवाच्या डोळ्यासमोर गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे गोळे भाजून रोडगे करायचे आणि पहिला रोडगा तो देवाला वाहील. उतरताना काय, ते तिनं बोललेलं नव्हतं. उतरताना ती त्याला कडेवरच घेणार होती. म्हणजे बाबांचं म्हणणं चढण्यापुरतं आणि आईचं म्हणणं उतरण्यापुरतं, असा तो तह होता, आणि आमच्या घरात कित्येक दिवसांत पहिल्यांदा सगळे एका दिशेला निघाले.

माघातली सकाळ होती. बसमधून उतरलो तेव्हा हवेत अजून गारवा होता. पहाडाच्या पायथ्याच्या मळ्यात एक काका राहत, त्यांनी पोतंभर गोवऱ्या दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. नवसाच्या रोडग्याच्या गोवऱ्यांचे पैसे आमच्याकडे कोणी घेत नाही. बाबांनी पोतं खांद्यावर घेतलं. आईकडे पिठाची पिशवी, डब्यात तूप, वांगी, आणि खाली अंथरायला सोलापुरी चादर. माझ्याकडे पाणी. सुध्याकडे फक्त नारळ, आणि तो त्यानं दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. काका म्हणाले, "वर हवा आहे बरं का आज. संभाळून." आईनं मान हलवली. तिचं लक्ष सुध्याच्या डाव्या पायाकडं होतं आणि दिवसभर तिथंच राहणार होतं.

तो चढ मी कधी विसरणार नाही. आई पहिल्यांदाच आमच्याबरोबर येत होती. आम्ही दर रविवारी पाहायचो ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं, सुध्याचा पाय दगडावर घसरतो, तो डुलतो, सावरतो. प्रत्येक वेळी ती हात पुढं करायची आणि बाबा हळूच म्हणायचे, "हात नोको. नवस मोडंन." मग ती हात मागं घेऊन पदराचं टोक चावायची. अर्ध्या वाटेत सुध्या बसला. त्याच्या डाव्या पोटरीत गोळा आला होता. "मले घे," तो आईला म्हणाला. रडला नाही, नुसतं म्हणाला. आईनं बाबांकडं पाहिलं. आई त्याच्यासमोर मांडी घालून खाली बसली आणि म्हणाली, "मी पण थकली रे. आपण दोघं बसू. कोणी घाई करून नाही राहिलं." तिचा आवाज इतका साधा होता की मलाच रडू आलं. किती वेळ आम्ही तिथं बसलो कुणास ठाऊक. ऊन माथ्यावर आलं, आमच्या मागून चढलेली दोन कुटुंबं दर्शन घेऊन परत उतरून गेली, आणि मग सुध्या उठला. आधी पाह्य, मग पाय, मग भार.

वर पोचलो तेव्हा तिथं दुसरं कोणी नव्हतं. महादेवाची पिंड एका काळ्या कड्याच्या पायथ्याशी आहे. कडा वर पुढं झुकलेला, घराच्या छपरासारखा, आणि त्या छपराखाली एका बाजूला आग्यामोहोळाचे काळे पट्टे लोंबकळत होते. ते आम्ही सगळ्यांनी पाहिले, हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं लोक म्हणाले की यांना दिसलंच नसेल. दिसलं होतं. सुध्यानं तर बोट दाखवून विचारलंही होतं. आई म्हणाली, "देवाची मोहोळं हायेत ते. नवसाच्या माणसाले नाही डसत." आमच्याकडे हे सगळेच म्हणतात. दरवर्षी माणसं तिथं जातात, नारळ फोडतात, उदबत्त्या लावतात, आणि माशा आपल्या कामात असतात. बाबांनीही मान हलवली. त्यांच्या पार्सल ऑफिसातल्या अकलेनंही त्या दिवशी सुट्टी घेतली होती.

रोडगे नेहमी लोक पुढच्या मोकळ्या पठारावर करतात. आम्हीही तिथंच गोवऱ्या रचल्या. पण वारा असा सुटला होता की काडी पेटतच नव्हती, आणि पेटली तर विस्तवाच्या ठिणग्या वाळल्या गवताकडं उडत होत्या. दोनदा बाबांनी गवतावर पाय आपटून आग विझवली. आईनं तोवर पीठ मळून, तुपाचा हात लावून रोडगे वळून ठेवले होते. सूर्य कलायला लागला होता. एवढं पोरगं चालून आलं आणि रोडग्याशिवाय परत जायचं? "देवापाशीच करा नं," आई म्हणाली. "आडोसा हाय तिथं. नाही तरी देवाच्या डोळ्यासमोरच करायचे हायेत." बाबांनी गोवऱ्या उचलल्या आणि कड्याच्या आडोशाला, पिंडीच्या जरा पलीकडं रचल्या. तिथं काडी एकदम पेटली. बाबा खूश झाले. गोवऱ्यांचा दाट, पिवळट धूर निघाला, वाऱ्यानं आत दाबला आणि कड्याला चिकटून वर चढायला लागला.

मी वांगी चिरत होते. सुध्या पिंडीपाशी बसून नारळ देवासमोर फिरवत होता. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, पहाड पेटला." बाबा हसले. पहाड खरंच पेटल्यासारखा दिसत होता, काळ्या दगडाच्या अंगातून धूर निघतो आहे असं वाटत होतं. मग तो आवाज आला. पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू होतो तेव्हा जसा घरघराट होतो, तसा, पण डोक्यावरून. बाबांचं हसू तोंडावरच राहिलं. मोहोळाचा लोंबकळणारा एक पट्टा सुटला होता आणि हवेत पसरत होता.

पुढचं सगळं इतक्या झटक्यात झालं की मला ते तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. आई ओरडली नाही. तिनं अंथरलेली चादर ओढली, त्यावरचे रोडगे इकडं तिकडं उडाले, तिनं एका हातानं सुध्याची मान आणि दुसऱ्या हातानं माझी वेणी धरली, आणि आम्हाला कड्याच्या पायथ्याच्या एका फटीत कोंबलं. फट उभी होती, आमच्या दोघांपुरतीच. वरून चादर टाकली. तिला आत जागा नव्हती. तिनं फटीच्या तोंडाशी आमच्याकडं तोंड करून बसकण मारली, आणि चादरीच्या दोन्ही कडा दोन्ही हातांनी दगडावर दाबून धरल्या. "हलू नका," ती म्हणाली. "श्वास आरामात घ्या." बाहेरून बाबांचा आवाज आला, "तुम्ही हलू नका! माह्या मांगं येऊ द्या त्यायले!" आणि त्यांच्या बुटांचा आवाज, दगड गडगडत गेल्याचा आवाज, उताराकडं, दूर, आणखी दूर. ते मुद्दाम ओरडत पळत होते. मग त्यांचा आवाजही बंद झाला.

चादरीत अंधार होता आणि सुताचा, तुपाचा, धुराचा वास होता. एक-दोन माशा आत आल्या होत्या, माझ्या मनगटाला डसल्या, कपाळाला डसल्या, मी दात आवळून बसले. सुध्याला मी मांडीत घट्ट दाबून धरलं होतं. चादरीच्या पलीकडं आईच्या अंगावर काय चाललं होतं ते दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. ती कण्हत नव्हती. नाकानं जोरात श्वास सोडत होती, जड पोतं उचलताना माणूस सोडतो तसा, पुन्हा पुन्हा. दोन्ही हात चादरीवर असल्यामुळं तिला तोंड झाकता येत नव्हतं. एकदाच मी म्हटलं, "आई, चादर सोड, तोंडावर पदर घे." ती म्हणाली, "चूप." आयुष्यात आई मला पुष्कळदा चूप म्हणाली. तेवढं प्रेमानं कधीच म्हणाली नाही.

घरघर हळूहळू वर सरकली, पांगली. आईनं चादर उघडली तेव्हा मी किंचाळले. तो आईचा चेहरा नव्हता. डोळ्यांच्या जागी दोन चिरा राहिल्या होत्या आणि त्याही मिटत चालल्या होत्या, ओठ फुगून उलटे झाले होते. तिनं सुध्याचं तोंड चाचपलं, हात चाचपले, पाय चाचपले. "याले डसली का?" "नाही." "तुले?" "थोडी." मग ती म्हणाली, "कुंदा, मले दिसून नाही राहिलं." आणि बाजूला वळून ओकली. तिचे हात गार पडले होते, कपाळावर घाम होता. गोवऱ्या अजून धुमसत होत्या. आग विझवायला जवळ जायची माझी हिंमत नव्हती, वर उरलेले पट्टे हलत होते. थांबता येत नव्हतं. खाली मळा होता, मळ्यात काका होते, बैलगाडी होती. बाबा कुठं होते ते माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की आईला तिथवर नेलं नाही तर आई मरेल, आणि न्यायला तिथं मीच होते.

इथं थांबून सांगून टाकते की आई पुढं पुष्कळ वर्षं जगली, माझ्या लेकींची बारशी तिनं केली. ही गोष्ट सांगताना माझी नात लहानपणी नेहमी इथंच अडवायची, "आजी, आधी सांग, कोणी मरतं का?" तिला सांगितलं की ती पुढचं ऐकायची. आम्हाला मात्र त्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं.

मी आईचा हात धरला आणि निघाले. तुम्ही कधी न दिसणाऱ्या माणसाला उतारावरून नेलं आहे का? मी भीतीनं ओढत होते. "ये नं आई, ये, इथं पाय ठेव," मी म्हणायची, आणि तिचा पाय "इथं" पोचायच्या आत मी पुढच्या दगडावर असायची. पहिल्याच कड्याशी तिचा तोल गेला. ती गुडघ्यावर पडली, हात दगडावर खरचटले, आणि ती उठेचना. "नाही जमत," ती म्हणाली. "तू जा. तू पळत जा आणि काकाले घेऊन ये." त्या अवस्थेत तिला आणि सुध्याला त्या मोहोळांखाली सोडून मी जाणार नव्हते. मी रडायला लागले. मोठ्यानं, भोकाड पसरून.

तेव्हा सुध्या आमच्या पुढं गेला. कोणी त्याला सांगितलं नाही. आईच्या नऊवारी लुगड्याचा पदर सुटून लोळत होता, त्याचं टोक त्यानं मुठीत धरलं, खालच्या दगडाकडं पाहिलं, उजवा पाय टाकला, डावा ओढून शेजारी आणला, आणि उभा राहिला. मग मागं वळून म्हणाला, "आई, एक दगड. तुह्या गुडघ्याइतका खोल. आधी पाय, मंग भार." आई बसल्याबसल्या ऐकत होती. तिनं पाय सोडला. दगड लागला. तिनं त्यावर भार टाकला. दगड तिथंच होता. "आता दुसरा पाय आण," सुध्या म्हणाला. "मंग थांब."

अशी आई उतरली. सुध्या पुढं पदर धरून, मधे आई, मागून मी तिची कंबर दोन्ही हातांनी आवळून. ज्या चालीचा मला संताप यायचा, नेमकी तीच चाल आंधळ्या माणसाला लागते. त्याला यापेक्षा भरभर चालताच येत नव्हतं, म्हणून तो आईला ओढत नव्हता. एका दगडावर दोन्ही पाय आल्याशिवाय तो पुढचा दगड सांगत नव्हता, कारण त्याचेच दोन्ही पाय आलेले नसायचे. त्याला डावं-उजवं कळत नसे. "जेवायच्या हाताकडं सरक," तो म्हणायचा. "इथं गोटे हायेत, हलते ते. त्याच्यावर नोको." कुठं कडा उंच असला की बसायचा, बसून घसरायचा, आणि आईलाही बसायला सांगायचा. त्याचा पाय थरथरायला लागला की म्हणायचा, "आता थांबू. मी थकलो." मग आम्ही तिघं थांबायचो. आईचा श्वास मागून मला ऐकू यायचा, शिट्टीसारखा, कधी बारीक, कधी बंदच झाल्यासारखा, आणि मी तिच्या पाठीला कान लावून तो पुन्हा सुरू व्हायची वाट बघायची. एकदा ती मधेच थबकून म्हणाली, "सुध्या, तुह्या पायात गोळा आला का रे?" तो म्हणाला, "आला. पण जाते तो."

वाटेत पाण्याचा एक डोह लागतो, बाबा माशांपासून तिथंच शिरले असतील असं मला वाटत होतं, पण डोहापाशी बाबा नव्हते. त्यांचा एक बूट काठावर होता. मी आईला सांगितलं नाही. सुध्यानंही पाहिला असणार, तो नेहमी आधी पाहतोच. तो फक्त म्हणाला, "आता सपाट हाय थोडं," आणि चालत राहिला.

उन्हं पार पिवळी झाली होती तेव्हा खालून हाका आल्या. बाबा होते. डोहात डोकं बुडवून बसले होते, माशा गेल्यावर मळ्यात धावत गेले होते, आणि काकांना घेऊन परत चढत येत होते, एका पायात बूट, डोक्याचा नुसता लाल भोपळा, ओठ असे सुजलेले की बोलणं नीट उमटत नव्हतं. आम्हाला पाहून ते वाटेतच मटकन बसले. मग उठून धडपडत वर आले, सुध्यासमोर वाकले आणि दोन्ही हात पसरले. "ये बेटा, ये. मी घेतो तुले. लय चालला तू." काका मागून आईला धरायला पुढं सरकत होते.

सुध्या थांबला. पदर सैल पडला, तसं आईला कळलं की वाटेत कोणी आहे. "कोण हाय?" तिनं विचारलं.

"मी होय," बाबा म्हणाले. "पोराले उचलतो. काका तुले धरते."

आईनं चाचपडत पदर पुन्हा ताणला. "हात नोका लावू त्याले," ती म्हणाली. "मी त्याच्या पायानं उतरून राहिली."

बाबांनी हात आवरले आणि वाट सोडून काट्यात उभे राहिले. सुध्यानं पुढच्या दगडाकडं पाहिलं.